घाटात आणि किनाऱ्यावर चालणाऱ्या स्मॉल-ब्लॉक इंजिनासाठी कॅमशाफ्ट कसा निवडावा?

प्रश्न सावंतवाडीहून आला आहे. घरी १९७० ची शेवरोलेट इम्पाला आहे. ३५० घनइंची स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिन, तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल ३.०८ चा (चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याचे ३.०८ फेरे) आणि पॉवर ब्रेक. इंजिन नव्याने बांधताना खोलगट डोक्याचे पिस्टन बसवले गेले आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा, मोजून ८.५ भरले. आता मूळ कॅमचे, म्हणजे वाल्व उघडणाऱ्या कॅमशाफ्टचे, दोन लोब (वाल्व उचलणारे उंचवटे) झिजले आहेत. कॅम बदलायचाच आहे तर जोरदार बदलावा, असा विचार असून इनटेकला (मिश्रण आत घेणाऱ्या वाल्वला) २३६ अंश ड्युरेशन, म्हणजे वाल्व उघडा राहण्याचा काळ, आणि ०.४९० इंच लिफ्ट, म्हणजे वाल्वची उचल, असलेला एक कॅम पाहून ठेवला आहे. गाडी कुडाळ, कणकवली, गोवा एवढ्या टापूत चालते आणि महिन्यातून एकदोनदा आंबोलीमार्गे कोल्हापूरला जाते. हा कॅम घ्यावा का?

घेऊ नये. आपल्या गाडीसाठी इनटेकला २०४ ते २१२ अंश, एक्झॉस्टला त्याहून सहा ते दहा अंश अधिक, लिफ्ट ०.४५० इंचाच्या आसपास आणि लोबमधला कोन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधला) ११० ते ११२ अंश असलेला कॅम योग्य ठरेल. हे आकडे आपल्याला कदाचित निराश करतील, म्हणून त्यामागचे कारण सविस्तर सांगतो.

प्रथम आकड्यांचा अर्थ पक्का करू. कॅमच्या कार्डावर ड्युरेशनचे दोन आकडे असतात. मोठा आकडा वाल्व बैठकीवरून जेमतेम उचलला जातो तिथपासून परत बसेपर्यंतचा असतो. पण तो कुठून मोजायचा याची प्रत्येक उत्पादकाची रीत थोडी वेगळी असल्याने दोन कंपन्यांचे कॅम त्या आकड्यावरून ताडून पाहणे फसवे ठरते. लहान आकडा टॅपेट (लोबवर टेकून वाल्वकडे उचल पोहोचवणारा तुकडा) ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटर, उचलला गेल्यापासून तो परत तिथे येईपर्यंत क्रँक किती अंश फिरला हे सांगतो. तुलना नेहमी याच आकड्यावर करावी. आपला २३६ हा आकडा याच मापाचा आहे. आपल्या इंजिनातला झिजलेला मूळ कॅम बहुधा इनटेकला १९५ आणि एक्झॉस्टला २०२ अंशांचा, ०.३९० आणि ०.४१० इंच लिफ्टचा असावा. त्या काळी साध्या ३५० इंजिनांत सर्रास तोच येत असे. म्हणजे आपण एका उडीत एक्केचाळीस अंश पुढे जाऊ पाहत आहात.

या ४१ अंशांची किंमत इंजिन कुठे मोजते, ते पाहू. ड्युरेशन वाढले की इनटेक वाल्व उशिरा बंद होतो. पिस्टन तळाशी जाऊन वर येऊ लागलेला असतो आणि वाल्व अजून उघडाच असतो, त्यामुळे कमी फेऱ्यांवर (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्या) आत आलेले मिश्रण पिस्टन परत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे मिश्रण आणणाऱ्या नळ्यांत, ढकलून देतो. जास्त फेऱ्यांवर हवेला इतका वेग असतो की ती पिस्टनला न जुमानता आत शिरत राहते आणि तिथेच मोठा कॅम आपली कमाई करतो. म्हणून खरे कॉम्प्रेशन मोजायचे ते वाल्व बंद झाल्यापासून. ३५० चा स्ट्रोक ३.४८ इंच आणि कनेक्टिंग रॉड ५.७ इंच लांबीचा असतो. आपण पाहिलेल्या कॅमचे बैठकीपासूनचे ड्युरेशन सुमारे २८० अंश आणि इनटेकची मध्यरेषा (पिस्टन वरच्या टोकाला असल्यापासून इनटेक लोबच्या शिखरापर्यंतचा क्रँकचा कोन) १०६ अंशांवर धरली, तर वाल्व तळबिंदूनंतर ६६ अंशांनी बंद होतो. त्या क्षणी पिस्टनला वर जायला २.६७ इंच उरलेले असतात आणि आपले ८.५ चे कॉम्प्रेशन प्रत्यक्षात ६.८ च्या खाली येते. इतक्या कमी कॉम्प्रेशनवर इंजिन आयडलिंगला धडधडते, पण एक्सलेटर दाबल्यावर पुढे सरकायला त्यात जीव नसतो. त्याऐवजी २५६ अंशांचा कॅम, ज्याचे ०.०५० इंचावरचे ड्युरेशन २१२ भरते, त्याच मध्यरेषेवर बसवला तर वाल्व ५४ अंशांनी बंद होतो आणि खरे कॉम्प्रेशन ७.३ राहते. हा अर्ध्या आकड्याचा फरक घाटात पाय ठेवताच कळतो.

याच ठिकाणी जुना इतिहास उपयोगी पडतो. शेवरोलेटचे अभियंते झोरा अर्कस-डंटोव्ह यांच्या नावाने ओळखला जाणारा कॅम १९५७ च्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये होता आणि २८३ घनइंची इंजिनाने २८३ अश्वशक्ती दिली, ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्या इंजिनाचे कॉम्प्रेशन १०.५ होते आणि त्याला पेट्रोल इंजेक्शन होते, हे सांगायचे राहून जाते. १९६५ च्या ३२७ घनइंची, ३५० अश्वशक्तीच्या इंजिनाचा कॅम तर इनटेकला अवघा २२२ अंशांचा होता. त्याच्या जोडीला कॉम्प्रेशन ११ होते. कारखान्याने त्या काळी ११ कॉम्प्रेशनवर जो कॅम पुरेसा मानला, त्याहून १४ अंश मोठा कॅम आपण ८.५ वर घालत आहात. कॅम एकटा शक्ती देत नाही. कॉम्प्रेशन, हेड (सिलेंडरवरचा, वाल्व असलेला भाग), कार्ब्युरेटर, गिअर यांच्याशी त्याची जोडी जमावी लागते.

आता गिअरचा हिशेब. टायर सुमारे २७ इंच उंचीचा धरला, तर ३.०८ च्या ॲक्सलवर टॉप गिअरमध्ये ताशी ८० किलोमीटर वेगाला इंजिन साधारण १,९०० फेऱ्यांवर असते आणि ताशी १०० ला २,४०० च्या जवळ. मुंबई-गोवा महामार्गावर आपला बहुतेक प्रवास याच पट्ट्यात होतो. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० ला इंजिन जेमतेम ११०० फेऱ्यांवर येते. टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तेलातून जोडणाऱ्या भागाची) घसरण धरली तर त्याहून थोडे अधिक. २३६ अंशांचा कॅम ३५० इंजिनात नीट चालू लागतो तो अडीच हजारांच्या आसपास आणि त्याची खरी ताकद साडेतीन हजारांनंतर दिसते. म्हणजे रोजच्या वापरात आपण त्या कॅमच्या कामाच्या पट्ट्यात जवळपास कधीच शिरणार नाही. तिथे पोहोचायचे तर ॲक्सल ३.७३ चा करावा लागेल आणि कन्व्हर्टर अडीच हजारांवर पकडणारा बसवावा लागेल. असा सैल कन्व्हर्टर मे महिन्यात, चार माणसे आणि सामान घेऊन, चढावर सतत घसरत राहिला की गिअरबॉक्सचे तेल तापते आणि मग वेगळा कूलर लावणे भाग पडते. एका कॅमसाठी निम्मी गाडी बदलायची तयारी असेल तर ती गोष्ट निराळी.

परंतु मला सर्वांत अधिक काळजी ब्रेकची वाटते आणि या एका मुद्द्यावर मी आग्रही आहे. पॉवर ब्रेकचा बूस्टर मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमवर चालतो. मूळ कॅमवर आयडलिंगला १८ ते २० इंच पारा इतका व्हॅक्यूम मिळतो. कॅम मोठा झाला की इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही वाल्व एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ वाढतो. आपण पाहिलेल्या कॅमवर, एक्झॉस्टचे ड्युरेशन २९० धरले तर, हा ओव्हरलॅप ६५ अंशांचा होतो, तर मी सुचवलेल्या मापात तो चाळिशीच्या आसपास राहतो. त्या फटीतून जळालेला धूर मॅनिफोल्डमध्ये परत येतो आणि आयडलिंगचा व्हॅक्यूम दहा-अकरा इंचांवर उतरतो. बूस्टरला नीट काम करायला निदान १५ इंच तरी हवेत. त्यात आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि दर तीनशे मीटरला साधारण एक इंच व्हॅक्यूम कमी होतो. म्हणजे सावंतवाडीत दारात उभी असताना गेजवर जो आकडा दिसतो, त्यातले दोन इंच घाटमाथ्यावर आधीच गेलेले असतात, आणि खाली उतरायला सुरुवात तिथूनच करायची असते.

यावर कोणी म्हणेल की उतारावर गाडी गिअरमध्ये असताना, एक्सलेटरवरचा पाय काढला की व्हॅक्यूम उलट वाढतो. हे खरे आहे, आणि मोकळ्या उतारावर म्हणूनच काही जाणवत नाही. जाणवते ते गर्दीत. माझ्या उमेदीच्या काळात मी स्वतःच्या गाडीत २४० अंशांचा कॅम बसवला होता. पावसाळ्यात आंबोली उतरताना पुढे एसटी, तिच्यापुढे ट्रक, सगळे मुंगीच्या पावलाने चाललेले. मोठ्या कॅममुळे आयडलिंग हजारावर ठेवलेले, म्हणून ऑटोमॅटिक गाडी आपसूक पुढे रेटत होती आणि मला दर दहा-पंधरा फुटांवर ब्रेक दाबावा लागत होता. चार-पाच वेळा दाबल्यावर बूस्टरमधला साठा संपला, तो भरून यायला इंजिनाकडे व्हॅक्यूम नव्हता, आणि पुढच्या वळणावर पेडल दगडासारखे कडक लागले. दोन्ही पाय पेडलवर रोवून गाडी थांबवली तेव्हा एसटीचा मागचा बंपर बॉनेटपासून हातभर अंतरावर होता. त्या आठवड्यात मी तो कॅम काढला. व्हॅक्यूमचा जादा डबा किंवा विजेचा व्हॅक्यूम पंप लावून हा दोष झाकता येतो. परंतु डबा दोन-तीन दाबांपुरताच पुरतो आणि पंप बंद पडला तर ते घाटातच कळते. कुटुंबाला घेऊन जाणाऱ्या गाडीत अशी तडजोड मी करून देत नाही.

लोबमधल्या कोनाविषयी थोडक्यात. तो १०८ वर आणला तर मधल्या फेऱ्यांवर टॉर्क किंचित वाढतो आणि आयडलिंग खडबडीत होते. ११२ वर टॉर्क पसरट होतो, व्हॅक्यूम सुधारतो. पॉवर ब्रेक आणि ऑटोमॅटिक असताना मी ११२ कडे झुकतो. पीयूसीची तपासणी आयडलिंगलाच होते, आणि ओव्हरलॅप जास्त असलेले इंजिन त्या वेळी न जळलेले पेट्रोल बाहेर टाकते, हेही ध्यानात असू द्यावे.

लिफ्टबाबत आपल्या मनात असलेला ०.४९० चा आकडा जुन्या हेडवर फारसा उपयोगाचा नाही, कारण त्या हेडमधून हवेचा प्रवाह ०.४५० च्या पुढे नाममात्रच वाढतो. शिवाय वाल्व उचलला असता स्प्रिंगचा रिटेनर खाली वाल्व गाइडच्या डोक्यावर आपटतो की काय, स्प्रिंगच्या वेटोळ्या एकमेकींना भिडतात की काय, हे मोजावे लागते. दोन्हीकडे निदान ०.०६० इंच मोकळीक हवी. पिस्टन आणि वाल्व यांच्यात इनटेकला ०.०८० व एक्झॉस्टला ०.१०० इंच अंतर हवे. ते पाहण्यासाठी पिस्टनच्या डोक्यावर मुलांच्या खेळातल्या मातीचा पातळ थर द्यावा, हेड बसवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे आणि थर कापून फीलर गेजने जाडी मोजावी. आपले पिस्टन खोलगट असल्याने अडचण येऊ नये, तरीही मोजल्याशिवाय इंजिनाची जुळवणी पुरी करू नये.

कॅम बसवताना टायमिंग चेन नवी, दुहेरी रोलरची घालावी. त्या काळच्या अनेक इंजिनांत कॅमच्या गिअरचे दात नायलॉनचे असत; ते वयाने ठिसूळ होऊन तुकडे तेलाच्या चेंबरमध्ये पडतात आणि ऑइल पंपाची जाळी तुंबवतात. खुणा जुळवून कॅम बसवला म्हणजे काम झाले असेही नाही. डिग्री व्हील (क्रँकवर लावायची अंशांची चकती) आणि डायल गेज लावून इनटेकची मध्यरेषा कार्डाप्रमाणे येते का, हे पाहावे. खुणा बरोबर असूनही कॅम चार अंश मागे बसलेला मी पाहिला आहे. अशा गाडीला चढावर दम नसतो आणि दोष मात्र कार्ब्युरेटरला दिला जातो.

आपले दोन लोब झिजले आहेत, याचा अर्थ ते लोखंड तेलात मिसळून सगळीकडे फिरले आहे. त्यामुळे ऑइल चेंबर उतरवून धुणे, ऑइल पंप उघडणे आणि निदान दोन मेन बेअरिंग काढून पाहणे हे टाळू नये. जुने टॅपेट नव्या कॅमवर कधीही वापरू नयेत. साध्या टॅपेटचा तळ डोळ्यांना सपाट दिसतो, पण तो अत्यंत सूक्ष्म फुगीर असतो आणि लोबला किंचित उतार असतो. या दोहोंमुळे टॅपेट आपल्या खोबणीत सतत गोल फिरत राहतो आणि झीज एका जागी होत नाही. नवा कॅम आणि नवे टॅपेट बसवल्यावर, व्हॉल्व्ह कव्हर लावण्यापूर्वी, प्रत्येक पुशरॉडवर मार्करने एक उभी रेघ ओढून स्टार्टरने इंजिन फिरवून पाहा. सोळाही रेघा हळूहळू वळताना दिसल्या पाहिजेत. एखादी जागची हलली नाही तर तो टॅपेट काढा. तो लोब अर्ध्या तासात खाल्ला जाईल.

पहिल्या वेळी इंजिन सुरू करताना ठिणगीचे टायमिंग आणि पेट्रोल आधीच जुळवून ठेवावे, म्हणजे स्टार्टर वारंवार मारावा लागणार नाही. इंजिन पेटताच ते २,००० ते २,५०० फेऱ्यांच्या दरम्यान, कमीजास्त करत, वीस ते तीस मिनिटे चालवावे. कारण लोबला तेल मिळते ते क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतून. आयडलिंगला ते पुरेसे उडत नाही. तेलात झिंक आणि फॉस्फरस असलेला झिजरोधक घटक भरपूर हवा. आजच्या पेट्रोल गाड्यांच्या पातळ तेलांत फॉस्फरस ८०० पीपीएमवर (दहा लाख भागांत ८००) मर्यादित केलेला असतो, तो या टॅपेटांना कमी पडतो. आपल्याकडे ट्रकसाठी सहज मिळणारे सीआय-४ प्रतीचे १५ डब्ल्यू-४० तेल या कामाला अधिक बरे, आणि पहिल्या वेळेला त्यात ब्रेक-इनची, म्हणजे नवे भाग रुळवण्याची, झिंक बाटली घालावी. अर्ध्या तासानंतर तेल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत.

रोलर टॅपेटचा (तळाला फिरते चाक असलेल्या टॅपेटचा) कॅम घ्यावा का, असेही कोणी सुचवेल. कारखान्याने स्मॉल-ब्लॉकमध्ये रोलर टॅपेट १९८७ पासून दिले. आपल्या १९७० च्या ब्लॉकला जोडपट्टीचे टॅपेट, कॅम पुढे सरकू नये म्हणून बटण आणि डिस्ट्रिब्युटरला जुळणारा गिअर, एवढे सगळे घ्यावे लागते. पैसे असतील तर गोष्ट चांगली आहे, कारण ब्रेक-इनचा धोका उरत नाही. नसतील तर साधा टॅपेट नीट बसवलेला वर्षानुवर्षे चालतो.

किनाऱ्यावरच्या गाड्यांबाबत एक गोष्ट इथल्याच अनुभवाची. जूनमध्ये ताडपत्री घालून ठेवलेली गाडी सप्टेंबरअखेर उघडली जाते. चार महिने लोबवरचे तेल निथळून गेलेले असते, बंद इंजिनात काही सायलेंडरचे वाल्व नेहमीच उघडे राहिलेले असतात आणि खारी, ओली हवा एक्झॉस्टमधून थेट आत जाते. मालवणकडच्या एका गाडीचा कॅम बाहेर काढला तेव्हा एका लोबवर, नेमका टॅपेट टेकलेला होता त्या जागी, तपकिरी रेघ उमटलेली होती. कापडाने पुसली, रेघ गेली, पण नख आडवे फिरवले की खरखर लागत होती. तो लोब पुढच्या दिवाळीपर्यंत टिकला नाही. मोठ्या कॅमला कडक स्प्रिंग लागतात आणि कडक स्प्रिंगवर गंजाचा बारीक खड्डा पडला की ती तिथूनच तुटते. लहान कॅम घेण्याचे हेही एक कारण. पावसाळ्यात दर पंधरवड्याला गाडी रस्त्यावर काढून निदान अर्धा तास चालवावी. अंगणात पाच मिनिटे आयडलिंगला ठेवणे लाभापेक्षा हानीचे, कारण तेवढ्यात पाण्याची वाफ तेलात जमते आणि ती उडून जाण्याइतके तेल तापत नाही.

पेट्रोलचा विचारही कॅमसोबतच करावा. बीएस-६ मानकात साध्या पेट्रोलचा ऑक्टेन किमान ९१ असतो. अमेरिकी पंपावर तो साधारण ८७ म्हणून लिहिला जाईल, कारण मोजण्याची रीत वेगळी आहे. लोखंडी हेड आणि ७.३ चे खरे कॉम्प्रेशन यांना तो पुरतो. घाट चढताना नॉकिंग होऊ नये. मात्र २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ८ टक्के अधिक इंधन हवेत मिसळावे लागते, म्हणून नव्या कॅमसोबत कार्ब्युरेटरचे मेन जेट एकदोन मापांनी वाढवून प्लगचा रंग पाहावा. प्लग पांढरा फटक निघाला तर मिश्रण अजून पातळ आहे. ठिणगीचे टायमिंग आयडलिंगला १० ते १२ अंश आणि एकूण ३४ ते ३६ अंश, इथून सुरुवात करावी.

आपले कॉम्प्रेशन ९.५ असते आणि मागचा ॲक्सल ३.५५ चा असता, तर माझे उत्तर बदलले असते. त्या इंजिनात २६८ अंशांचा, ०.०५० इंचावर २२४ भरणारा कॅम खरे कॉम्प्रेशन ७.९ च्या जवळ ठेवतो आणि गाडी सुरेख पळते. पुढे कधी इंजिन पुन्हा उघडले आणि सपाट डोक्याचे पिस्टन बसवले, तर त्या मापाचा विचार अवश्य करावा. तोवर कॅम मागवताना विक्रेत्याला कॉम्प्रेशन, ॲक्सल, टायरची उंची, गाडीचे वजन आणि पॉवर ब्रेक असल्याची नोंद लिहून पाठवावी, आणि व्हॅक्यूम गेज आताच, जुना कॅम असतानाच लावून सावंतवाडीत व आंबोलीच्या माथ्यावर ड्राइव्हमध्ये आयडलिंगचा आकडा टिपून ठेवावा. नव्या कॅमनंतर त्याच दोन ठिकाणी तो पुन्हा मोजायचा आहे.